लाळ वाचवणारं इंजेक्शन

हे प्लास्टिकचं शीट गरम पाण्यात टाकलंय बघा, कसं लुळं पडलं. आता ते तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या पेशंटच्या चेहऱ्यावर ताणून बसवायचं, टेक्निशियन नाकाशी, हनुवटीशी बोटांनी दाबतोय, थोड्या वेळात ते कडक होईल आणि झाला मास्क तयार. पुढचे सहा-सात आठवडे, आठवड्यातनं पाच दिवस, हाच मास्क टेबलाला फिट करून रेडिएशन घ्यायचं, मान तसूभर हलायला नको.

पण मान हलली नाही तरी किरणं फक्त गाठीलाच लागतात असं नाही ना. कानाच्या पुढे, गालात आपली सगळ्यात मोठी लाळग्रंथी असते, ती वाटेत सापडली की तोंड कोरडं पडतं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, दात किडायला लागतात, आणि कित्येकांचं हे ट्रीटमेंट संपल्यावरही जात नाही.

आता ही छोटी बाटली. आत पांढरी पावडर, नर्सनी त्यात सलाइन सोडलं. हे अमिफोस्टिन. मुळात हे कॅन्सरसाठी शोधलेलंच नाही! शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराला अणुहल्ल्याच्या किरणोत्सर्गापासून सैनिक वाचवायचे होते, त्यासाठी लष्कराच्याच वॉल्टर रीड संशोधन संस्थेच्या कार्यक्रमात चार हजारांवर रसायनं तपासली गेली, त्यातलं डब्ल्यूआर-2721 म्हणजेच हे. रेडिएशनच्या 15 ते 30 मिनिटं आधी शिरेतून देतात. ते जागं होतं अल्कलाइन फॉस्फटेज नावाच्या एन्झाइममुळे, आणि ते एन्झाइम गाठीपेक्षा निरोगी पेशींकडे जास्त काम करतं, म्हणून किरणांनी तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तिथेच जास्त टिपले जातात. गाठीला मात्र मार बसतोच.

2000 साली छापून आलेल्या 303 पेशंटच्या अभ्यासात बऱ्यापैकी त्रासदायक कोरड 78 टक्क्यांवरून 51 वर आली, आणि गाठ आटोक्यात राहण्यात फरक दिसला नाही. तोंडातले फोड मात्र कमी झाले नाहीत.

बीपी आधी बघतात, लगेच नंतर परत बघतात, कारण ते खाली येऊ शकतं, उलट्याही होतात. आता आयएमआरटीमुळे, म्हणजे किरणांचा जोर जागोजागी कमी-जास्त करून गाठीच्या आकारात बसवायच्या तंत्रामुळे, ग्रंथी बऱ्याच चुकवता येतात, त्यामुळे हे इंजेक्शन कमी वापरलं जातं. पण मास्क बनवायच्या दिवशीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाळग्रंथी वाचवायला काय करणार आहात, हा प्रश्न विचारायचा प्रत्येक पेशंटला हक्क आहे.