वॉर्डातलं पहिलं वर्ष

(दृश्य: वॉर्डचं नर्सिंग स्टेशन. दोन नर्स एका रजिस्टरवर वाकलेल्या.)

ड्यूटी बदलतेय. जाणारी नर्स येणारीला एकेक पेशंट सांगतेय. चार नंबरचं सलाइन संपत आलंय. सातला पहाटेपासून ताप आहे. नऊला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय, पाणीसुद्धा द्यायचं नाही. ऐकणारी भराभर लिहून घेतेय. तिचं रजिस्ट्रेशन नुकतंच झालंय. कालपर्यंत तिच्या सहीखाली दुसऱ्या कुणाची तरी सही लागायची. आजपासून लागणार नाही.

औषध देण्याआधी पाच गोष्टी ताडून पाहायच्या, हे तिला पाठ आहे. पेशंट तोच ना, औषध तेच ना, डोस, देण्याचा मार्ग, वेळ. परीक्षेत तिनं हे बिनचूक केलं होतं. पण तेव्हा समोर एकच पेशंट होता आणि मध्येच कुणी हाक मारत नव्हतं.

(दृश्य: औषधांची ट्रॉली. मागे फोनचा आवाज.)

इथं ट्रॉली तिसऱ्या बेडपाशी पोचेपर्यंत एक नातेवाईक रिपोर्ट विचारून जातो. फोन वाजतो. डॉक्टर राउंडला येतात. कोपऱ्यातल्या आजींना उलटी होते. त्या पाच गोष्टी ती विसरलेली नाही. त्या तपासायला लागणारं सलग एक मिनिट मात्र तिला मिळत नाही.

या धक्क्याला 'रिअ‍ॅलिटी शॉक' हे नाव मिळालं, त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. अमेरिकन संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली या विषयावर पुस्तकच लिहिलं. नव्या नर्स नोकरी का सोडतात, हा त्यांचा प्रश्न होता. काळजी कशी घ्यायची हे कॉलेजात एका रीतीनं शिकवलं जातं आणि वॉर्ड चालतो दुसऱ्याच रीतीनं, हे अंतर त्यांनी दाखवून दिलं. तरीही आजसुद्धा नवी नर्स बाथरूममध्ये जाऊन रडली, की 'हिला झेपत नाही' असंच म्हटलं जातं.

काय झेपत नाही, ते जरा जवळून बघू.

(दृश्य: मॉनिटरवरचे आकडे. पेशंटच्या छातीची हालचाल.)

अनुभवी सिस्टर खोलीत येते, पेशंटकडे बघते आणि म्हणते, "याचं काहीतरी बिघडतंय." बीपी ठीक असतं. ताप नसतो. पण मघाशी बोलणारा माणूस आता एकेका शब्दानं उत्तर देतोय आणि श्वास थोडा वाढलाय, हे तिनं टिपलेलं असतं. तब्येत ढासळायच्या आधी श्वासाचा वेग पुष्कळदा सगळ्यात आधी बदलतो. आणि घाईच्या ड्यूटीत नेमका तोच न मोजता अंदाजानं लिहिला जातो. नवी नर्स आकडे बघते, कारण तिच्याजवळ अजून तेवढेच आहेत. अशी नजर कशी तयार होते, याचा अभ्यास पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली मांडला. नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आपलं काम नीट पेलण्याइतपत, पोचायला एकाच प्रकारच्या वॉर्डात दोन-तीन वर्षं जातात. पहिल्या वर्षात तीनदा वॉर्ड बदलला, तर ही नजर यायची कुठून?

समजा, तिलाही शंका आली. रात्रीचे तीन वाजलेत. डॉक्टरांना फोन करायचा. ओरडले तर? उगाच उठवलं म्हणाले तर? यासाठी एक साचा आहे, 'एसबार' नावाचा. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून तो दवाखान्यांत आला. आता काय घडतंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय, अशा चार पायऱ्या. पहिल्या दोन तिला सहज जमतात. 'मला वाटतं' म्हणताना आवाज बसतो. पलीकडून एकदा अपमान झाला, तर पुढच्या वेळी ती फोन करायला अर्धा तास उशीर करेल. त्या अर्ध्या तासाची किंमत पेशंट मोजतो.

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड. भिंतीवरचं घड्याळ.)

रात्रपाळीचं थोडक्यात. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळी 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकली आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. अमेरिकेत २००४ साली झालेल्या एका अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब ड्यूटीत चूक होण्याची शक्यता तिप्पट दिसली. 'आज जरा डबल करशील का?' हा प्रश्न मात्र बहुतेकदा सगळ्यात नव्या मुलीलाच विचारला जातो. कारण ती नाही म्हणत नाही.

सुई टोचली, तरी ती पुष्कळदा सांगत नाही. हे फार महागात पडू शकतं. लस न घेतलेल्या व्यक्तीला दूषित सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो. एचआयव्हीचा धोका बराच कमी, साधारण तीनशेत एक. पण त्यावरचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. 'लक्ष कुठं होतं तुझं?' असं पहिलं वाक्य जिथं ऐकू येतं, तिथं हे तास लपवण्यात जातात.

आता मुद्द्याचं गणित. एका नर्सकडे किती पेशंट?

२००२ साली लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. नर्स कामानं पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. कॅलिफोर्नियानं १९९९ मध्ये कायदा केला आणि २००४ पासून रुग्णालयांना संख्या बांधून दिली. आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट, साध्या वॉर्डात २००५ पासून पाच.

(दृश्य: ड्यूटीचा तक्ता. रिकाम्या चौकटी.)

जिथं असा आकडा ठरलेला नाही, तिथं 'सेवाभाव' हा शब्द जरा जास्तच वापरला जातो. भाषणात नर्सला देवदूत म्हणायला काही पडत नाही. तक्त्यात आणखी एक नाव लिहायला पगार द्यावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. यावर उपाय म्हणून नवी कॉलेजं काढायचं बोललं जातं. ती हवीतच. पण पहिल्या दोन वर्षांत सोडून जाणाऱ्यांना थांबवलं नाही, तर नव्या तुकड्या त्यांच्याच जागा भरत राहतील.

म्हणून नोकरीच्या मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हटलं, की नव्या नर्सनं पगारासोबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात? सुरुवातीला माझ्यासोबत सीनियर किती आठवडे असेल? आणि त्या आठवड्यांत मला तक्त्यात पूर्ण नर्स म्हणून मोजणार का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं, तर दुसऱ्याच्या उत्तरावर फार विसंबू नये. दोघींना वेगवेगळे पेशंट वाटून दिलेले असतील आणि सीनियर तिच्या पेशंटमध्ये गुंतलेली असेल.