कानाने वाचायची लिपी

(दृश्य: पहाट. कोथरूडमधील एका इमारतीची गच्ची. पाण्याच्या टाकीपासून समोरच्या बांबूपर्यंत ताणलेली तार.)

सूर्योदयाला अजून अर्धा तास आहे. या गच्चीवर ताणलेली तांब्याची तार सुमारे वीस मीटर लांब आहे. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी, म्हणजे हौशी रेडिओचालक ज्याला चाळीस मीटर बॅण्ड म्हणतात त्यासाठी, तयार केलेला हा डायपोल अँटेना आहे. रात्र संपत आली असली तरी पश्चिमेकडच्या देशांत अजून अंधार आहे, आणि दूरचे संकेत पुण्यापर्यंत पोचण्याची हीच वेळ असते.

खालच्या खोलीत साठीचे एक गृहस्थ हेडफोन लावून बसले आहेत. त्यांच्या उजव्या हाताशी पितळेची मोर्स की, म्हणजे टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत संकेत पाठवायची कळ, आहे. अंगठा आणि दोन बोटे काळ्या बटणाच्या कडेला हलकेच टेकलेली आहेत. ठोका मनगटातून येतो. डाऽ-डि-डाऽ-डिट, डाऽ-डाऽ-डि-डाऽ. ही दोन अक्षरे सी आणि क्यू, म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्याला दिलेली हाक. थोड्या वेळाने खरखरीच्या आतून एक बारीक सूर उत्तर देतो आणि त्यांची पेन्सिल कागदावर चालू लागते. कागदावर सरळ अक्षरे उमटतात. टिंबे आणि रेघा कुठेच दिसत नाहीत. रेडिओच्या परवान्यासाठी मोर्सची परीक्षा हवी की नको, या संपूर्ण वादात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच आहे, आणि वाद घालणाऱ्यांच्या बोलण्यात ती क्वचितच येते.

(दृश्य: परवाना परीक्षेच्या तयारीची वही, मोर्सचा तक्ता.)

वाद जुना आहे. तीस मेगाहर्ट्झच्या खालचे पट्टे वापरू इच्छिणाऱ्या हौशी रेडिओचालकाला मोर्स पाठवता आणि ऐकता आले पाहिजे, अशी अट आंतरराष्ट्रीय नियमांत कित्येक दशके होती. जिनिव्हा येथे 2003 साली भरलेल्या, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जागतिक रेडिओसंचार परिषदेने ही अट ठेवायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोपवले. ब्रिटनने त्याच वर्षी ती काढून टाकली; अमेरिकेने 23 फेब्रुवारी 2007 पासून. भारतात रिस्ट्रिक्टेड दर्जाच्या परवान्याला मोर्सची गरज उरली नाही, पण त्यानंतरही जनरल दर्जासाठी मिनिटाला आठ शब्दांची चाचणी नियमांत राहिली. त्यामुळे जनरलचे व्हीयू-टू आणि रिस्ट्रिक्टेडचे व्हीयू-थ्री या दोन संकेतनामांमध्ये एक अदृश्य पायरी तयार झाली. पुण्यात हौशी रेडिओचालक जिथे जिथे जमतात, तिथे चहा संपेपर्यंत हा विषय निघतोच.

अट ठेवावी असे म्हणणाऱ्यांचे पहिले म्हणणे आपत्तीविषयी असते. भूकंपात किंवा पुरात सारे काही बंद पडले तर मोर्सच कामाला येईल, असे ते सांगतात. मोर्सवर माझे प्रेम असूनही हा युक्तिवाद मला पटत नाही. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. 26 डिसेंबरला त्सुनामी आली, बेटांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला आणि त्यांच्या केंद्राने लोकांचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. ते काम मुख्यतः बोलून झाले, आणि ते तसेच व्हायला हवे होते. घाबरलेल्या माणसाच्या नातेवाइकाचे नाव मायक्रोफोनवरून अधिक लवकर सांगता येते.

दुसरे म्हणणे परंपरेचे असते, आणि पुण्याला त्याची आठवण करून द्यावी लागू नये. भारत आणि ब्रिटन यांना बिनतारी तारयंत्राने जोडणारी सेवा 23 जुलै 1927 रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. पुण्याच्या वेशीवरून निघालेले मोर्सचे संकेत थेट इंग्लंडमध्ये उतरत होते. मात्र त्या सेवेत माणसाचा हात शेवटपर्यंत नव्हता. कागदी पट्टीवर भोके पाडून ती यंत्रातून वेगाने सोडली जाई. मोर्स यंत्राच्या स्वाधीन करण्याची गोष्ट आज संगणकामुळे सुरू झालेली नाही, ती आपल्या आजोबांच्या काळातली आहे. पुढे जहाजांनी मोर्सऐवजी उपग्रहावर आधारित व्यवस्था स्वीकारली, 1 फेब्रुवारी 1999 रोजी ते स्थित्यंतर पूर्ण झाले, आणि 14 जुलै 2013 च्या रात्री आपल्याकडची तारसेवाही थांबली. दारात तारवाला दिसला की घरात धस्स होई, ही आठवणसुद्धा आता पन्नाशीपुढच्यांकडेच उरली आहे.

(दृश्य: खोडदचा माळ. जीएमआरटीच्या तबकड्या.)

अट नको म्हणणाऱ्या विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा एफटीएट नावाच्या, संगणकाने संदेश पाठवण्याच्या पद्धतीत आहे, आणि तिची मुळे पुणेकरांना ओळखीची वाटतील. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, आणि स्पंदक ताऱ्यांचा, म्हणजे पल्सारांचा, अभ्यास हे तिथले एक मुख्य काम आहे. जुळ्या ताऱ्यांतील पहिला पल्सार शोधल्याबद्दल 1993 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रसेल हल्स यांच्यासह ज्यांना मिळाले, ते जोसेफ टेलर स्वतः हौशी रेडिओचालक आहेत. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी 2017 मध्ये एफटीएट आणली. तिचा संकेत अवघे पन्नास हर्ट्झ जागा घेतो, दर पंधरा सेकंदांनी आळीपाळीने बोलतो, आणि कानाला केवळ खरखर ऐकू येत असतानाही संगणक त्यातून संदेश वेगळा काढतो. क्षीण संकेत ऐकण्याच्या शर्यतीत मोर्स आता पहिला नाही, हे मान्य करायलाच हवे. परंतु एफटीएटच्या एका संदेशात मुक्त मजकुराची तेराच अक्षरे मावतात. दोन केंद्रांचा संपर्क झाला एवढे त्यातून कळते. पलीकडच्या माणसाकडे पाऊस पडतो आहे का, हे विचारायला जागा उरत नाही.

मोर्सला ती जागा आहे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री थोडी आहे. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपासच्या दुकानांतून एक क्रिस्टल, दोन ट्रान्झिस्टर, काही कपॅसिटर आणि गुंडाळीची तार आणली, तर महाविद्यालयातील मुलगी एका लाकडी फळीवर चालू शकेल असा छोटा प्रक्षेपक जुळवू शकते. बोलण्यासाठी रेडिओला सुमारे अडीच हजार हर्ट्झची फट लागते. मोर्स ऐकताना ती अडीचशेवर आणता येते, म्हणजे आत येणारा गोंगाट दहापट कमी होतो. एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर यांनी भरलेल्या आजच्या पुण्यात हा फरक रोज कानाला जाणवतो. पाच वॅटच्या आत शेकडो किलोमीटर पार होतात, आणि आपण बांधलेल्या वस्तूला आपल्या कानाने ऐकलेले उत्तर येते. संगणक मध्ये नसल्यामुळे त्या उत्तरात कोणाचा हात आहे, हेसुद्धा ओळखू येते. नेहमीचा माणूस थकलेला असला तर त्याची रेघ लांबते.

मग परीक्षा हवी की नको? माझे मत असे झाले आहे की मोर्सचे खरे नुकसान परीक्षेच्या संथ वेगाने केले. मिनिटाला आठ शब्दांच्या वेगात एक टिंब दीडशे मिलिसेकंदांचे असते. एवढ्या अवधीत मेंदूला टिंबे मोजता येतात, तक्ता आठवता येतो आणि त्यावरून अक्षर शोधता येते. विद्यार्थी उत्तीर्ण होतो, पण तो डोळ्यांनी शिकलेला असतो. वेग थोडा वाढला की मोजणी कोलमडते आणि मोर्स की कपाटात जाते. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कॉख यांनी 1930 च्या दशकात सुचवलेली रीत याच्या उलट आहे: अक्षरे पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने ऐकायची, मात्र आरंभी दोनच, आणि ती पक्की झाली की तिसरे. तक्ता समोर ठेवायचाच नाही. आजही बरेच जण के आणि एम यांपासून सुरुवात करतात. ज्यांनी अशा रीतीने शिकायचे ठरवले, त्यांना परीक्षेच्या धाकाची गरज पडत नाही, आणि ज्यांना केवळ बोलायचे आहे त्यांना या पायरीवर अडवून मोर्सचे भले होत नाही. अट जावी आणि वर्ग वाढावेत, असे मला मनापासून वाटते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सक्ती सैल केली त्याच्या पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, ई-मेलच्या पत्त्यातील ॲट या चिन्हासाठी मोर्समध्ये ए आणि सी जोडून नवा संकेत दिला, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. खिडकीतून ऊन.)

सूर्य वर आला आहे. त्याच्या प्रकाशाने वातावरणाच्या वरच्या भागात जो थर तयार होतो, तो या पट्ट्यातील दूरचे संकेत शोषून घेतो, म्हणून सकाळचा तो बारीक सूर आता विरत चालला आहे. गृहस्थ सेव्हन्टी थ्री म्हणजे शुभेच्छा पाठवून हेडफोन उतरवतात आणि शेजारी बसलेल्या नातीकडे देतात. तिला अक्षरे शिकायला लागून तीन आठवडे झाले आहेत. सोलापूर किंवा हैदराबादकडचे कोणीतरी आता हाक देत आहे. ती पाच अक्षरांपैकी तीन लिहिते, राहिलेल्या दोन जागी आडवी रेघ ओढते आणि मागे न पाहता पुढचे ऐकू लागते.