तापाचं मूळ गोठ्यात

(दृश्य: पहाट, काटेरी कुंपण, गायींच्या गळ्यातल्या घंटा)

नैरोबीच्या दक्षिणेला काजियाडो. केनियातला, गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांचा मुलूख. मी फील्डवर्कसाठी इकडं निघाले, तेव्हा गावात चर्चा झाली की पोरगी सिंह बघायला चालली. बघायच्या होत्या गायी. आणि त्याही अगदीच परक्या नव्हत्या, इथल्या कळपांत साहिवाल या आपल्याकडच्या जातीचं रक्त चांगलंच मुरलंय.

काम होतं ब्रुसेलोसिसचं. या रोगात जनावर पाचव्या महिन्यानंतर गाभडतं, म्हणजे गर्भ टाकतं, आणि वार, म्हणजे गर्भाचं वेष्टण, आत अडकते. तोच जंतू माणसात शिरला की ताप येत-जात राहतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरते, गुडघे धरतात. आणि पुष्कळदा औषध मिळतं मलेरियाचं, नाहीतर टायफॉइडचं.

गायीच्या मानेतून रक्त काढण्याचं मसाईंना काही नवल नाही. बाणानं मानेची शीर टोचून ते रक्त प्यायची त्यांची जुनी रीत आहे. माझी एवढीशी नळी बघून म्हातारे हसले.

(दृश्य: पांढरी फरशी, गुलाबी थेंब)

रक्त गोठलं की वर सीरम सुटतं. त्याचा एक थेंब फरशीवर, शेजारी तेवढंच गुलाबी अँटिजेन, म्हणजे याच जंतूचं मारून रंगवलेलं द्रावण. काडीनं मिसळायचं आणि 4 मिनिटं फरशी डोलवत राहायची. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर सुटलो. बारीक गुठळ्या धरल्या तर त्या गायीवर खूण. रोझ बेंगॉल चाचणी म्हणतात हिला. जीपच्या बॉनेटवरही होते.

दुधाचा कारभार बायकांकडं. सुकवलेल्या भोपळ्याच्या भांड्यात जळकी काडी फिरवून ते आतून धुरी देऊन घेतात, मग त्यात धार. उकळून प्या म्हटलं, की विचारायच्या, मग चव कुठं राहिली?

कोल्हापूरकरानं यावर काय बोलावं! गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ ग्लास हातात देतात. त्याविरुद्ध बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या तालमीत जाऊन शड्डू ठोकण्यासारखं. तरी बोलते. 1887 साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना तापानं मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू सापडला. तो येतो कुठून, हे कळायला 1905 उजाडलं. तिथलेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांनी शेळ्या तपासल्या, तेव्हा दुधाकडं बोट गेलं. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. गोम तिथंच आहे, तुकतुकीत म्हैस बघून काहीच कळत नाही. गोकुळची पिशवी पाश्चराइज्ड असते. घरच्या दुधाला एक उकळी पुरते.

पण दुधापेक्षा मला धास्ती हातांची, जंतू त्यांवाटेही शिरतो. अडलेल्या गायीत कोपरापर्यंत उघडा हात घालणारे मसाई पाहिले, तेव्हा डोळ्यांपुढं कागलकडचे आमचे काका आले. तेही वार अशीच ओढतात आणि कुत्र्यापुढं टाकतात. डॉक्टर गोठ्याचं विचारत नाही, जनावरांचा डॉक्टर घरच्या तापाचं विचारत नाही. काजियाडोत आमच्या एकाच फॉर्मवर दोन्ही प्रश्न होते: गाय कुठली गाभडली, आणि घरात ताप कुणाला? एक बाई पहिल्याचं उत्तर देता देता थांबली, नवऱ्याकडं वळली आणि दुसऱ्याचं उत्तर तिनं त्यालाच द्यायला लावलं.

(दृश्य: कागलजवळचा गोठा)

आपल्याकडं 2019 पासून केंद्राच्या कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या मादी रेडकांना ब्रुसेलोसिसची लस देतात, जन्मात एकदाच. वय टळलं की राहिलं. काकांना काल डेअरीत फॅट किती लागली ते तोंडपाठ, रेडीला टोचलंय का ते आठवत नाही.

यंदा त्यांची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. हातमोजे घालून, खड्डा खणून, चुना टाकून त्यांनी सगळं पुरलं. माझ्यावर उपकार केल्यासारखंच. मग हात धुता धुता म्हणाले, "म्हशीचं रगत पाठव तपासायला. अन् माझंबी घे. दोन महिनं झालं, कंबर धरलीया."

माणसांचं रक्त काढणं माझं काम नाही. त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. केसपेपरवर व्यवसायापुढं नुसतं 'शेती' लिहिलं होतं. पुढं लिहायला लावलं: म्हशी 4, एक गाभडली, वार हातानं काढतात.