इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणजे काय?

श्रोतेहो, नमस्कार. घरात एकाला फुप्फुसाचा टीबी निघाला, की बाकीच्यांना धास्ती बसते, "आम्हालाही झाला असेल का?" यात दोन प्रश्न आहेत. जंतू अंगात शिरलेत का? आणि त्यांनी आजार केलाय का? इग्रा ही रक्ततपासणी फक्त पहिल्याचं उत्तर देते.

शिरलेल्या जंतूंना आपली प्रतिकारशक्ती बहुधा डांबून ठेवते. ताप नाही, खोकला नाही, आणि अशा माणसाकडून दुसऱ्याला लागणही होत नाही. हा सुप्त क्षय. यातल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांना पुढे कधीतरी टीबी होतो. पहिली दोन वर्षं जास्त जोखमीची.

रक्त चार छोट्या नळ्यांत घेतात, प्रत्येकीत साधारण एक मिलिलिटर. हिरव्या आणि पिवळ्या टोपणाच्या नळीत आतून टीबीच्या जंतूच्या प्रथिनांचे अंश लावलेले असतात. नळ्या नीट हलवून 37 अंशांवर 16 ते 24 तास ठेवतात. या जंतूशी आधी गाठ पडलेल्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात, तो मोजायचा. करड्या टोपणाच्या नळीत काहीच नसतं, ती तुलनेसाठी. जांभळ्या नळीत कुठल्याही धडधाकट पेशींना चेतवणारा पदार्थ असतो. तिथेही पेशी गप्प राहिल्या, तर रिपोर्ट निगेटिव्ह धरायचा नाही, तो अनिर्णित असतो.

हिरव्या-पिवळ्या नळ्यांतली ही प्रथिनं बीसीजीच्या लशीत नसतात. त्यामुळे जन्मतः टोचलेल्या लशीमुळे माँटू ही त्वचेत टोचून करायची चाचणी फसू शकते, तशी ही फसत नाही.

मात्र खोकला, ताप, वजन घटणं असेल, तर इग्रावर विसंबू नका. बेडका तपासा, एक्स-रे काढा. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर सरकारने 2012 मध्येच बंदी घातली, कारण त्या धड निदान करत नव्हत्या. कुणी आजही तशी चाचणी सुचवली, तर स्पष्ट नाही म्हणा.

इग्रा पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नका, पण रिपोर्ट कपाटातही ठेवू नका. आधी आजार नाही याची खात्री डॉक्टर करतील. मग प्रतिबंधक औषध: सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर त्याला आजार नाही एवढं डॉक्टरांकडून पाहून घ्या आणि औषध सुरू करा. त्याच्यासाठी इग्राची वाट पाहायची गरज नाही.