टाके निघाल्यानंतरची दोन वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

गोव्यातल्या आगरवाडोच्या मिठागरात भर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ऊन दोन बाजूंनी येतं. एक वरून, आणि दुसरं खालच्या पाण्यावरून उलटून. दर्यावर रापण ओढणारे, काजूच्या बागायतीत बोंडू गोळा करणाऱ्या बायका, यांचंही तेच. डोक्याला टोपी किंवा फडकं असतं, पण कान, खालचा ओठ, नाक आणि कानशील उघडंच राहतं. याच जागांवर होणाऱ्या त्वचेच्या एका कर्करोगाबद्दल आज बोलायचं आहे. डॉक्टर त्याला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणतात.

सावळ्या कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्याचं संरक्षण असतं, म्हणून आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या मानाने पुष्कळ कमी होतो. पण होतो. आणि 'आपल्याला कुठला होणार' म्हणत कानावरची जखम महिनोन्महिने मलमावर काढली जाते. खपली धरते, पडते, रक्त येतं, पुन्हा धरते. महिनाभरात न भरलेली अशी जखम डॉक्टरांना दाखवा. जुन्या भाजल्याच्या व्रणावर नवी जखम झाली असेल किंवा मूत्रपिंड बदललेल्या माणसाला ती झाली असेल, तर महिनाभरही थांबू नका.

डॉक्टर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, सांगतात तेव्हा घरची वडीलधारी मंडळी अडवतात: 'कॅन्सरला हत्यार लावू नये, पसरतो.' हे खरं नाही. तो पसरतो उशिरामुळे. उलट, चेहऱ्यावरची गाठ कुणी नुसती जाळून टाकली, तुकडा तपासायला पाठवलाच नाही, तर ती काय होती आणि पुरती निघाली का, हे कळायचा मार्गच उरत नाही.

आता शस्त्रक्रियेचं. पावसाळ्यानंतर दाराच्या चौकटीला वाळवीचं एक भोक दिसतं, पण सुतार तेवढंच कोरून थांबत नाही. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापतो. इथेही तसंच आहे. साध्या, लहान गाठीभोवतीची चार ते सहा मिलिमीटर निरोगी दिसणारी कातडी सोबत काढतात. गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असेल, सहा मिलिमीटरहून खोल गेली असेल, कानावर किंवा ओठावर असेल, मज्जातंतूच्या कडेने सरकत असेल किंवा एकदा काढून परत आली असेल, तर ती आक्रमक समजायची. मग कड याहून मोठी लागते. काढलेल्या तुकड्याच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कड मोकळी आली नाही, म्हणजे कडेला रोग दिसला, तर पुन्हा कापावं लागतं. 'डॉक्टर, चेहरा आहे, थोडंच काढा,' ही विनवणी मला समजते. तरीही सांगते, रोग मुळासकट काढायची सगळ्यांत चांगली संधी पहिल्याच शस्त्रक्रियेत असते. झालेला खड्डा मांडीची कातडी लावून किंवा शेजारची कातडी वळवून भरता येतो. कधी कडांचा रिपोर्ट येईपर्यंत ते भरणं मुद्दाम लांबवतात. तेवढे दिवस पट्टी बांधून काढावे लागतात, आणि ते काढावेत.

चेहऱ्यावरून आणि डोक्यावरून निघालेला हा रोग पसरलाच, तर बहुतेकदा कानापुढच्या लाळग्रंथीतल्या आणि मानेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठींत उतरतो. तेव्हा त्याही काढाव्या लागतात. चेहरा हलवणारी नस, म्हणजे मज्जातंतू, त्या लाळग्रंथीतूनच जाते. नस शाबूत असेल तर सर्जन ती जपतात. रोगानेच तिला वेढलं असेल तर मात्र तिच्यावर पाणी सोडावं लागतं, आणि त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. गाठींत किंवा नसेत रोग सापडला, तर जखम भरल्यावर साधारण सहा आठवडे किरणोपचार घ्यायचे.

आणि मग टाके निघतात, व्रण पांढुरका होतो आणि माणूस सत्तरी तालुक्यातल्या आपल्या वाड्यावर परत जातो. तिथून बांबोळीच्या इस्पितळात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं, हे मी जाणते. पण परतणाऱ्या रोगांपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्या दोन वर्षांतच परततात, आणि जवळजवळ सगळे पाच वर्षांच्या आत. म्हणून आक्रमक रोग असेल तर पहिली दोन वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी हवी. पुन्हा शस्त्रक्रिया करता येत नाही अशा रोगासाठी सेमिप्लिमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती रोगाविरुद्ध कामाला लावणारं, औषध आहे. अमेरिकेत त्याला २०१८ साली मान्यता मिळाली. ते महाग आहे, आणि सगळ्यांनाच लागू पडत नाही.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरच्यांनी महिन्यातून एकदा व्रणावरून, कानापुढून, जबड्याखालून, मानेवरून बोटं फिरवावीत. नवी टणक गाठ लागली, गालाला मुंग्या येऊ लागल्या, गाल बधिर झाला, तोंडाचा कोपरा उतरला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. निघताना बायोप्सीचा जुना रिपोर्ट आणि शस्त्रक्रियेचं कार्ड सोबत घ्या. मागच्या वेळी कड किती मोकळी होती, हे नव्या डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.

नमस्कार.