धीर देणारा कोच नको

(सांगलीत लघुउद्योजक, व्यवस्थापक आणि शाळा-रुग्णालयांतले अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, संयोजकांनी विषयाचं नाव जरा भारदस्त ठेवलंय. मी साधं करून सांगतो. खुर्ची मिळालेली असते, दारावर नावाची पाटी लागलेली असते आणि आत बसलेल्या माणसाला रोज वाटत असतं, एक दिवस आपलं पितळ उघडं पडणार. अशा माणसाला कोचिंगचा, म्हणजे प्रश्न विचारून कामातली अडचण सोडवायला मदत करणाऱ्या माणसाच्या भेटींचा, उपयोग होतो का? होतो. पण आपल्याला वाटतं त्या मार्गाने होत नाही.

आपली समजूत अशी, की माणूस खचलाय ना, मग त्याला कुणीतरी धीर द्यावा. "अहो, तुम्ही एवढे कर्तबगार, तुम्हाला काय अशक्य आहे!" हे घरचे सांगतात, मित्र सांगतात, आणि हल्ली फी घेऊन काही कोचही सांगतात. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मनात येतं, बघा, आता ह्यालाही आपण फसवलं. म्हणजे कौतुक करणाऱ्याने ओझं आणखी वाढवलं.

हे मी मनचं सांगत नाही. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवावरून लिहिलं, की पदव्या, हुद्दे, मानसन्मान सगळं असूनही या स्त्रियांना आपलं यश नशिबाचं किंवा निवडणाऱ्यांच्या चुकीचं वाटतं. पुढे पुरुषांतही हेच सापडलं. हल्ली या भावनेला 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात, पण हा आजार नव्हे, मनोविकारांच्या अधिकृत यादीत तो नाही. मुद्दाम सांगतो, कारण फोनवर एक रील बघून स्वतःचं निदान करून मोकळे होणारे खूप झालेत.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७७ मध्ये, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो त्याच्या चार वाटा मांडल्या. स्वतः करून बघितलेलं काम, आपल्यासारख्याच कुणीतरी केलेलं पाहणं, दुसऱ्याने सांगणं आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यातली सगळ्यांत भक्कम वाट पहिली. 'तू करशील' हे सांगणं त्यापुढे फार कच्चं पडतं. आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे बांडुरांच्या आधीपासून ठाऊक आहे. ते पोराची पाठ थोपटत बसत नाहीत, जोड बघून कुस्ती लावतात. ताकदीपेक्षा थोडी वरचढ जोड, फार वरची नाही.

आता कुपवाडच्या एका फाउंड्रीतला, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्या कारखान्यातला, माणूस डोळ्यांपुढे आणा. ओळखू येऊ नये इतके तपशील मी बदललेत. डिप्लोमा करून मोल्डिंग शॉपला, साचे बनवायच्या विभागात, लागला, वीसेक वर्षांत प्लांट हेड झाला. वाळू मुठीत दाबून ओलावा सांगतो. कास्टिंगमधलं, म्हणजे ओतलेल्या वस्तूतलं, ब्लोहोल (वायूने पडलेलं भोक) बघितलं की वाळू ओली होती की कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) नीट वाळला नव्हता, हे तिथल्या तिथे सांगतो. हाताखाली बी.ई. झालेली पोरं आहेत. आणि हा माणूस महिन्याच्या आढाव्यात सगळ्यांत शेवटी बोलतो, एक मेल चारदा वाचतो, पोरांनी केलेला रिपोर्ट रात्री घरी नेऊन पुन्हा करतो. मालक कौतुकाने म्हणतात, आमचे साहेब फार बारकाईने बघतात. बारकाई कसली, भीती आहे ती. तिची किंमत कारखाना मोजतोय, कारण पोरं शिकत नाहीत आणि निर्णय साहेबांच्या टेबलावर अडून राहतात.

कोचने त्याला विचारलं, "तुम्हाला येत नाही म्हणता. नक्की काय येत नाही?"

"सगळंच."

"सगळंच नको. गेल्या आठवड्यात कुठं अडलं, ती एक जागा सांगा."

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "कॉस्ट शीट, खर्चाचा तक्ता. फायनान्सवाले आकडे वाचतात तेव्हा मी नुसती मान डोलावतो."

"अजून?"

"कस्टमर ऑडिटला, गिऱ्हाईक कंपनीचा माणूस तपासणीला येतो तेव्हा, इंग्रजीतून बोलायचं."

"अजून?"

तिसरं सापडेना. वर्षानुवर्षं उराशी धरलेलं 'सगळंच' दोन ओळींत आटोपलं. आणि त्या दोन ओळी खऱ्या होत्या, हे विसरू नका. इथे जो कोच म्हणेल, "नाही हो, तुम्हाला कॉस्टिंग उत्तम येतं," तो लबाड. येत नव्हतं. मग अकाउंट्समधल्या मुलाशेजारी दर बुधवारी तासभर बसायचं ठरलं. आकडे समजायला वेळ लागला नाही. अवघड गेलं ते त्या मुलाला "मला हे शिकव" म्हणणं. इंग्रजीचं तर हसूच आलं. ऑडिटर पुण्याहून येणारा, अस्सल मराठी माणूस. स्लाइड ज्युनियर इंजिनियरने दाखवाव्यात आणि साहेबांनी ऑडिटरला शॉप फ्लोअरवर फिरवावं, एवढ्यावर भागलं.

आढावा बैठकीसाठी वेगळी युक्ती वापरली. कोचिंगने ती मानसोपचारातून उचलली आहे. बैठकीला जाण्याआधी भीती कागदावर लिहायची, अगदी नेमकी. त्याने लिहिलं, 'मी आधी बोललो तर फायनान्सवाले प्रश्न विचारतील, मला उत्तर येणार नाही आणि सगळ्यांसमोर शोभा होईल.' मग बैठकीत पहिल्यांदा त्यानेच बोलायचं आणि नंतर त्याच कागदावर घडलं ते लिहायचं. फायनान्सवाल्यांनी प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. तो म्हणाला, "उद्या सकाळी आकडा देतो." बैठक पुढच्या विषयाकडे गेली. शोभा वगैरे काही झाली नाही. असे कागद साठत जातात तसं मनाच्या बोलण्याला पुरावा मागायची सवय लागते.

आपल्या भागाची म्हणून एक अडचण आहे. आपण कर्तृत्वाच्या गोष्टी फार सांगतो आणि त्यात कधी कुणी घाबरलेलंच नसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर वसाहत उभी केली. कर्मवीरांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. थोर कामं, वाद नाही. पण सांगताना आपण मधली रात्रीची जाग वगळतो. मग आजोबांच्या हार घातलेल्या फोटोखाली बसलेल्या तिसऱ्या पिढीला वाटतं, ह्यांच्या मनात कधी शंका आली नाही, माझ्याच येते, म्हणजे मीच कमअस्सल.

या तिसऱ्या पिढीबद्दल आणखी एक. मुलाच्या व्हिजिटिंग कार्डावर 'डायरेक्टर' छापलेलं असतं. चेकवर सही वडिलांची. मुलाने नाही म्हटलेल्या सप्लायरला वडील फोनवर हो म्हणतात. आणि मुलाला कोच लावतात, का तर त्याच्यात आत्मविश्वास नाही! अहो, त्याला अधिकारच नाही. त्याची शंका ही परिस्थितीची बिनचूक नोंद आहे. तसंच सात पुरुषांच्या बैठकीत एकटी बसलेली बाई, जिला हुद्द्याने बरोबरीचा माणूस "मॅडम, जरा चहाचं बघता का?" विचारतो. इथे तिला सुधारायला पाठवण्याआधी बैठक सुधारा. चांगला कोच हे मालकाच्या तोंडावर सांगतो, मग काम हातचं गेलं तरी चालेल.

कोचिंगने फरक पडतो याला आधार आहे का? २०१४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी १८ अभ्यास एकत्र तपासले. कामगिरी, ताण पेलणं, कामाकडे बघण्याची दृष्टी, ध्येयाला धरून राहणं, या सगळ्यांवर चांगला परिणाम दिसला. मात्र आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. पाटी रंगवली की झालं. तेव्हा अनुभवाचे तास विचारा. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचच्या संघटनेच्या प्रमाणपत्राची पहिली पायरी १०० तासांची आहे, दुसरी ५००, वरची २५००. कागदाने माणूस चांगला ठरतो असं नाही, पण चाळणी तरी लागते. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, जगण्यातच रस उरला नाही, अशी अवस्था असेल तर कोचकडे अजिबात जाऊ नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

शेवटी पैशाचं, कारण ते कुणी आधी बोलत नाही. फी कंपनी देते आणि बोलणं व्यवस्थापकाचं असतं. सांगली लहान गाव. मालक आणि कोच एखाद्या लग्नात पंगतीला शेजारी बसतात आणि मालक सहज विचारतात, "काय म्हणतो आमचा गडी?" त्या प्रश्नाचं उत्तर काय असेल, हे पहिल्या भेटीआधी तिघांनी एकत्र बसून लेखी ठरवा. भेटी झाल्या की नाही आणि ठरलेलं उद्दिष्ट काय, एवढं मालकाला कळावं. आत काय बोलणं झालं ते व्यवस्थापकाने स्वतः सांगितलं तरच. मालकाला हे मान्य नसेल तर कोच नेमू नका. ते पैसे अकाउंट्समधल्या त्या मुलाला बोनस म्हणून द्या.