उत्तर येईपर्यंत

(दृश्य : रात्रीची खोली. लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.)

पुण्यात रात्रीचे अकरा वाजलेत. टचस्क्रीनच्या ड्रायव्हरमधली, म्हणजे ती चालवणाऱ्या कोडमधली, एक चूक सात ओळींत दुरुस्त झाली आहे. त्या सात ओळी का बदलल्या, हे सांगणारं पत्र मात्र वीस ओळींचं आहे. पत्र गेलं. ज्यांनी ते वाचायचं, त्यांच्यापैकी कुणी झोपलंय, तर कुणाचा दिवस आत्ता कुठे सुरू होतोय. आता वाट बघायची.

हे काम लिनक्सच्या कर्नलचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइड फोनच्या तळाशी हाच कर्नल असतो, आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांतही हाच. त्याच्या एकेका आवृत्तीला जवळपास २,००० माणसांचे हात लागतात. ती निरनिराळ्या कंपन्यांत आहेत, काही कुठल्याच कंपनीत नाहीत. सगळ्यांचं मिळून एक ऑफिस नाही, सकाळची मीटिंग नाही. कित्येकांनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला नाही. सगळा कारभार लेखी.

(दृश्य : हेलसिंकी. जुना संगणक.)

२५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स, मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन चर्चागटावर लिहितो : हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठी होणार नाही, मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय खटकतं ते कळवा. हेच पुढचं लिनक्स. लोकांनी कळवलं. मग नुसतं कळवून थांबेनात, दुरुस्त्याच (पॅच) करून पाठवू लागले. लिनस त्या वाचायचा आणि पटल्या तर जोडून घ्यायचा.

सात वर्षांत ही पद्धत तुंबली. पाठवणारे वाढले, वाचणारा एकच. कित्येक पत्रांना उत्तरच जायचं नाही. पाठवणारा तीच दुरुस्ती पुन्हा पाठवायचा, महिन्याभरानं आणखी एकदा. १९९८ साली हे भांडण उघड्यावर आलं : एकटा लिनस पुरा पडत नाही. २००२च्या जानेवारीत तीच तक्रार पुन्हा उठली.

इथे मला जरा थांबायचंय. दोन खंडांत पसरलेली एक टीम मीही काही वर्षं सांभाळली. एका सहकारी मुलीनं मोठ्या मेहनतीनं लिहिलेला प्रस्ताव पाठवला होता. मी तो वाचला, मला आवडला, आणि सावकाश नीट उत्तर लिहू म्हणून चार दिवस तसाच ठेवला. पाचव्या दिवशी तिनं लिहिलं, ‘चुकलं असेल तर सोडून देते.’ नकार आला असता तर ती वाद घालू शकली असती. गप्प बसणाऱ्याशी वाद कसा घालणार? समोरासमोर असतो तर माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असतं. दूर असलेल्या माणसापुढे आपला चेहरा नसतो, फक्त आपलं उत्तर असतं.

लिनसनं जे ओळखलं, ते माणसाच्या स्वभावाबद्दल होतं. शेकडो जणांवर मनापासून विश्वास ठेवणं कुणाला जमत नाही, दहा-वीस जणांवर जमतं. त्या दहा-वीस जणांची आपापली विश्वासाची माणसं असतात. दुरुस्ती या साखळीतून वर चढत जाते. लिनसपाशी पोचेपर्यंत ती कुणीतरी वाचलेली असते आणि त्या वाचणाऱ्याचं नाव तिच्याखाली असतं.

(दृश्य : पडद्यावरून सरकत जाणारी लांबलचक यादी.)

कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल आहे. कुठला भाग कोण सांभाळतं आणि पत्र कुणाला लिहायचं, ते त्यात आहे. काही भागांपुढे ‘ऑर्फन’ असं लिहिलेलं दिसतं. पोरका. इथे सध्या कुणी नाही, हे लपवलेलं नाही. मला ही फाइल फार मोलाची वाटते. दार वाजवण्याआधीच कळतं, की आत कुणी आहे की नाही.

वाट किती बघायची, तेही लिहून ठेवलंय. किमान आठवडाभर थांबा, मग आठवण करा. गर्दीच्या दिवसांत आणखी थांबा. नवख्या माणसाला या एका ओळीचा केवढा आधार! सहा दिवस उत्तर आलं नाही, म्हणजे आपण नकोसे झालो असं नाही.

आणि वेळापत्रक. दोन आठवडे नवं काम आत घ्यायचं. मग दार बंद. त्यानंतर साधारण दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती, नुसत्या दुरुस्त्यांची. नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती बाहेर. लोकल चुकली तर चुकली, पुढची कधी आहे हे फलाटावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे गाडी थांबवा म्हणून कुणाला गयावया करावी लागत नाही.

२००५च्या एप्रिलमध्ये, कोड सांभाळायचं जे साधन ते वापरत होते त्याचा फुकट परवाना गेला. लिनसनं स्वतःचं लिहायला घेतलं, ते गिट. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत, आणि प्रत्येक बदलाशेजारी कुणी केला, कधी केला. लिहिणाऱ्यानं नीट लिहिलं असेल, तर का केला तेही. पंधरा वर्षांपूर्वीचा निर्णय समजून घ्यायला कुणाला झोपेतून उठवायला नको.

पण लेखी कारभाराला धारही असते. लिनसची काही पत्रं जहाल होती, माणसाला सोलून काढणारी. तोंडून निघालेला रागाचा शब्द विरतो. पत्रातला दुसऱ्या देशात कुणीतरी रात्री एकट्यानं वाचतो, आणि तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. १६ सप्टेंबर २०१८ला, कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीच्या एका चाचणी-आवृत्तीची घोषणा करता करता त्यानं माफी मागितली. लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो म्हणाला आणि बाजूला झाला. त्याच सुमारास कर्नलवर काम करणाऱ्यांसाठी आचारसंहिता आली. ऑक्टोबरमध्ये ४.१९ बाहेर काढली ती साखळीतल्याच ग्रेग क्रोआ-हार्टमननं. साखळी उभी होती, म्हणून प्रमुखाला थांबून स्वतःकडे बघता आलं.

(दृश्य : तीच खोली, पहाट. बाहेर दूधवाल्याची सायकल.)

सहावा दिवस. उत्तर आलंय. मूळ पत्राच्या ओळी जशाच्या तशा, आणि जिथे शंका आहे तिथे त्या ओळीखालीच प्रश्न. ‘फोन झोपेतून जागा होताना हे लॉक कोण सोडतं?’ शेवटी : ‘शोध चांगला आहे. दुसरी आवृत्ती पाठवा.’

चहा टेबलावर निवतोय. विषयाच्या जागी टाइप होतंय, ‘पॅच, व्ही २’.